एकशें एकोणतिसावा

वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी संपादकांची चिठ्ठी आली म्हणजे आम्ही बहुधा एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र हातीं घेतों. थोरांचीं चरित्रें लिहिणें सोपें असतें. त्यांच्या यशाचा उजेड इतका असतो कीं, लिहिणाऱ्यास निराळा दिवा लावावा लागत नाहीं. यंदा मात्र आमच्या मनांत एक वेगळाच पुरुष घर करून बसला आहे. तो जगांत पहिला आला नाहीं, दहावा आला नाहीं, शंभरावाहि आला नाहीं. टेनिस या खेळांत त्यानें गांठलेला सर्वांत वरचा क्रमांक 129 होता. त्याचें नांव कॉनर नायलंड, देश आयर्लंड.

असल्या माणसावर शाळेच्या वार्षिकांत लेख कशाला, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर लेखाच्या शेवटीं देऊं. कारण त्या उत्तराचा संबंध नायलंडपेक्षां आमच्याशींच अधिक आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस एक इंग्रजी पुस्तक आणून दिलें. पुस्तकाचें नांव ‘द रॅकेट’. तें नायलंड यानें स्वतःच लिहिलें असून 2024 सालीं प्रसिद्ध झालें. रॅकेट म्हणजे टेनिसची जाळीदार बॅट, हें मुलांस ठाऊकच आहे. परंतु लबाडीचा संघटित धंदा असाहि त्या शब्दाचा एक अर्थ आहे, आणि ‘बोगस गुणपत्रिकांचें रॅकेट उघडकीस’ अशा वृत्तपत्रीय मथळ्यांनीं तो मराठींतहि रुळविला आहे. पुस्तक वाचून पुरें केलें तेव्हां ग्रंथकर्त्यास दोन्ही अर्थ अभिप्रेत असावेत, असें आम्हांस वाटलें.

टेनिसचें आम्हांस फारसें ज्ञान होतें असें नाहीं. आमच्या शाळेच्या मागल्या आवारांत मिशनरी साहेबांच्या काळचें टेनिसचें मैदान आहे. जाळें केव्हांच नाहींसें झालें. दोन लोखंडी खांब तेवढे उरले आहेत, आणि मधल्या जागेंत मुलें कबड्डी खेळतात. त्या खांबांपलीकडे आमची या खेळाशीं ओळख नव्हती. तरी पुस्तक हातीं घेतलें तें मध्यरात्र उलटून गेल्यावरच खालीं ठेवलें.

नायलंडचा जन्म 1981 सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं झाला. परंतु तो वाढला आयर्लंडमध्यें, शॅनन नदीच्या कांठीं वसलेल्या लिमरिक या गांवीं. तो पावसाचा मुलुख. लोकांचें वेड हर्लिंगचें, गेलिक फुटबॉलचें आणि लिमरिकमध्यें तर विशेषेंकरून रग्बीचें. एके काळीं टेनिसांतहि या देशाचा दरारा होता. 1890 सालीं विंबल्डनचें पुरुषांचें विजेतेपद विलोबी हॅमिल्टन या आयरिश गृहस्थानें मिळविलें, आणि त्याच वर्षीं स्त्रियांचें विजेतेपद लिमरिकच्या शेजारच्याच टिपेररी परगण्यांतील लीना राइस या तरुणीनें पटकाविलें. पुढें जोशुआ पिम हा आयरिश डॉक्टर 1893 व 1894 अशीं दोन वर्षें तेथें अजिंक्य ठरला. त्यानंतर मात्र ती ज्योत मंदावली. नायलंड लहानाचा मोठा झाला तेव्हां आपल्या देशांतून कोणी टेनिसवर पोट भरतो, असें दृश्य त्याच्या डोळ्यांपुढें जवळजवळ नव्हतेंच.

घरांत खेळाची आवड होती, भावंडेंहि खेळत. मुलगा हुशार निघाला. अमेरिकेंतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत तो खेळाच्या जोरावर शिकावयास गेला, आणि तेथें त्यानें इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळें हें वाचून आम्हांस कांहींसा आनंद झाला, हें लपवूं इच्छित नाहीं. शिक्षण पुरें करूनच तो व्यावसायिक खेळांत उतरला. त्या वेळीं त्याचें वय सुमारें तेवीस-चोवीस वर्षांचें होतें. टेनिसांत हें वय थोडें उशिराचेंच म्हणावयाचें.

आतां या व्यवसायाची रचना थोडी समजावून सांगितली पाहिजे. कारण दूरदर्शनवर दिसतें तें या इमारतीचें केवळ शिखर होय. इमारतीला तीन मजले आहेत. सर्वांत वर मोठ्या स्पर्धा, ज्यांत ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन व अमेरिका येथील चार महास्पर्धा मुकुटमण्यांसारख्या शोभतात. मधल्या मजल्यावर ‘चॅलेंजर’ नांवाच्या स्पर्धा. आणि तळमजल्यावर त्या काळीं ‘फ्युचर्स’ म्हणजे ‘भविष्य’ अशा आशादायक नांवाच्या स्पर्धा होत. फ्युचर्स स्पर्धेंतील बक्षिसांची सारी रक्कम मिळून कित्येकदां 10,000 डॉलर असे. ती सर्व खेळाडूंत वांटली जाई, आणि आठवडाभर एकहि सामना न हरतां जो पहिला येई त्याच्या हातीं सुमारें 1,300 डॉलर पडत. त्यांतूनच कर भरावयाचा, विमानाचें भाडें द्यावयाचें, खोलीचें भाडें द्यावयाचें आणि रॅकेटच्या तारा बदलून घ्यावयाच्या. पहिल्याच दिवशीं जो हरे त्याचें काय होत असेल, हें गणित आठवीच्या विद्यार्थ्यासहि करतां येईल. शिक्षक बरोबर नेण्याची ऐपत फार थोड्यांची. म्हणून परक्या गांवीं एकट्यानें उतरावयाचें, एकट्यानें जेवावयाचें आणि हरल्यावर एकट्यानेंच पिशवी भरून पुढल्या गांवाची वाट धरावयाची.

क्रमांकाचें गणितहि मोठें कठोर आहे. स्पर्धा जिंकल्यावर जे गुण मिळतात ते 52 आठवडेच टिकतात. वर्ष पुरें झालें कीं ते आपोआप वजा होतात. म्हणजे गतवर्षीं जितका चढलों तितकें यंदा पुन्हा चढावयाचें, तेव्हां कोठें आपण होतों तेथेंच राहतों. शाळेंत असा नियम असता, आणि आठवींत मिळविलेले गुण नववींत परत करावे लागले असते, तर आमच्या विद्यार्थ्यांनीं काय केलें असतें कोण जाणे!

नायलंडनें अशीं सातएक वर्षें काढलीं. 2008 सालीं आपल्या दिल्ली शहरीं भरलेली चॅलेंजर स्पर्धा त्यानें जिंकली. 2010 सालच्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग येथें तो पुन्हा विजयी झाला, आणि त्याच महिन्यांत तो आपल्या आयुष्यांतील सर्वोच्च क्रमांकावर, म्हणजे 129 वर, पोहोंचला.

या आंकड्याची गंमत, किंवा क्रूरता, ध्यानीं घ्यावी. महास्पर्धेच्या पुरुष एकेरींत 128 जण खेळतात. त्यांपैकीं 104 जणांस क्रमांकाच्या बळावर थेट प्रवेश मिळतो. आठ जागा संयोजक आपल्या मर्जीनें देतात. राहिलेल्या सोळा जागांसाठीं आणखी 128 जण पात्रता फेरींत झुंजतात, आणि तेथें ओळीनें तीन सामने जिंकील त्यालाच आंत घेतात. एकशें एकोणतिसावा म्हणजे दाराच्या अगदीं बाहेर उभा असलेला मनुष्य. त्याला आंतील दिवे दिसतात, गाणें ऐकूं येतें, आणि दार मात्र दरवेळीं नव्यानें ठोठवावें लागतें. त्या सुमारास पृथ्वीवर जवळजवळ सातशें कोटि माणसें होतीं. आपल्या गांवांत एखादा सुतार, वैद्य किंवा गवई असा असता कीं, त्याच्याहून सरस असे साऱ्या जगांत अवघे 128 जण आहेत, तर आपण त्याची मिरवणूक काढली असती. टेनिसांत त्याला विमानाच्या भाड्याची चिंता होती.

2011 सालच्या जूनमध्यें विंबल्डनचें तें दार उघडलें. पात्रतेचे तिन्ही सामने जिंकून नायलंड मुख्य स्पर्धेंत शिरला. सुमारें तीन दशकांनीं विंबल्डनच्या पुरुष एकेरींत आयरिश खेळाडूचें नांव लागलें. वय एकोणतीस. पहिल्या फेरींत त्याची गांठ फ्रान्सच्या आद्रियां मानारिनो याच्याशीं पडली. जो जिंकील त्याला दुसऱ्या फेरींत रॉजर फेडररशीं, आणि तेंहि तेथील मध्यवर्ती मैदानावर, खेळावयास मिळणार होतें. दोघांनीं दोन-दोन सेट घेतले. पांचव्या सेटांत नायलंड 4–1 असा पुढें गेला. आणखी दोन गेम मिळाले असते तर जन्माचें सार्थक होतें.

ते दोन गेम त्याला मिळाले नाहींत. समोरच्यानें ओळीनें पांच गेम घेतले आणि सामना जिंकला. फेडररपुढें मानारिनो उभा राहिला, आणि सरळ तीन सेटांत हरला. म्हणजे नायलंडला जें हवें होतें तो विजय नव्हताच. भरल्या मैदानावर एका थोर खेळाडूकडून हरण्याचा मान त्याला हवा होता, आणि तोहि हातचा गेला. पहिल्या फेरींत हरणारास त्या वर्षीं 11,500 पौंड मिळाले. विजेत्यास 11 लक्ष. तळमजल्यावरील मनुष्याला साडेअकरा हजार पौंड ही थोडी रक्कम नव्हे. पण पुस्तकांतील तीं पानें वाचतांना त्याच्या मनांत पैशाचा हिशेब असावा असें आम्हांस वाटलें नाहीं.

दैवानें दुसरी संधि लौकरच दिली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क येथील अमेरिकन महास्पर्धेची पात्रता फेरीहि त्यानें पार केली, आणि पहिल्याच सामन्यांत त्याच्यापुढें आला त्या वेळचा जगांतील पहिला खेळाडू नोव्हाक जोकोविच. स्थळ आर्थर ॲश स्टेडियम, जेथें तेवीस हजारांच्या आसपास लोक बसूं शकतात. लिमरिकच्या मुलानें बालपणापासून पाहिलेलें स्वप्न हेंच. आणि त्याला विषबाधा झाली! खराब अन्न पोटांत गेलें होतें. उभें राहण्याचें त्राण नसतां तो मैदानावर उतरला. पहिला सेट 6–0 असा गेला. दुसऱ्यांत 5–1 असें असतां त्यानें खेळ थांबविला. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर त्याच्या नांवें उभ्या आयुष्यांत एकच गेम लागला.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे 2012 च्या एप्रिलांत, कमरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळें त्यानें तिसाव्या वर्षीं खेळ सोडला. नंतर आयर्लंडच्या डेव्हिस चषक संघाचें कर्णधारपद त्याजकडे आलें. 2024 सालीं त्यानें पुस्तक लिहिलें, आणि त्या पुस्तकास इंग्लंडांत ‘विल्यम हिल’ हें क्रीडाग्रंथांचें नामांकित पारितोषिक मिळालें. येथें कोणी म्हणेल, ‘पाहा, अखेर पहिला क्रमांक आलाच!’ पण आमच्या मतें तो या कथेचा शेवट नव्हे. पारितोषिक मिळालें नसतें तरी तीं वर्षें तशींच राहिलीं असतीं, आणि पुस्तकांत जें खरें आहे तेंहि तसेंच राहिलें असतें.

त्यांतील एक गोष्ट आमच्या मनांत रुतून बसली. त्या जगांत प्रत्येकास प्रत्येकाचा क्रमांक ठाऊक असतो, आणि कोणाशीं किती बोलावें हेंहि बहुधा त्यावरून ठरतें. मनुष्य समोर येतो, पण आधीं त्याचा आंकडा येतो. हें वाचतांच आम्ही पुस्तक मिटलें; कारण पंधरा वर्षांपूर्वींचा एक प्रसंग आमच्यासमोर उभा राहिला.

तेव्हां आम्ही नुकतेच वर्गशिक्षक झालों होतों. नववीच्या वर्गांत 54 मुलें. सहामाहीचीं प्रगतिपुस्तकें लिहावयाचीं होतीं, रात्र फार झाली होती. गुणांची बेरीज करावी, क्रमांक लावावा आणि शेऱ्याच्या चौकटींत एक शब्द लिहावा, असें भराभर चाललें होतें. पहिल्या दहांस ‘उत्तम’, पुढल्यांस ‘बरा’, त्यापुढें ‘साधारण’. चार दिवसांनीं एका मुलाचे वडील भेटावयास आले. सुतारकाम करीत; कामावरून तसेच आले होते, कानावर पेन्सिल तशीच होती. प्रगतिपुस्तक पुढें करून म्हणाले, “सर, हितं ‘साधारण’ लिवलंय. म्हंजे नेमकं काय?”

आम्ही म्हणालों, “एकतिसावा आला आहे ना तो.”

“आकडा मी वाचला, सर. मी पोराचं इचारतोय.”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तो मुलगा खिडकीजवळ बसे कीं भिंतीजवळ, हेंहि त्या क्षणीं आम्हांस आठवेना. ते गृहस्थ सौजन्यानें नमस्कार करून गेले. आम्ही कांहीं खोटें लिहिलें नव्हतें. एकतीस म्हणजे एकतीस. आमची चूक निराळी होती. आंकडा मिळाल्याबरोबर आम्हीं मुलाकडे पाहणें थांबविलें होतें.

कांहीं वर्षांनीं एस. टी. स्थानकावर तोच मुलगा भेटला. तो एस. टी. च्या कार्यशाळेंत कामास लागला होता. हातांना ग्रीस लागलेलें. आमच्या पायांस हात लावून, चहा पाजून, निघतांना हंसत हंसत म्हणाला, “सर, अजून ‘साधारण’ लिहितां का?” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

विद्यार्थिमित्रांनो, श्रम केले कीं यश येतेंच असें सांगण्याची आम्हां शिक्षकांस संवय आहे. नायलंडनें श्रमांत कसूर केली नव्हती. तरीहि पांचव्या सेटांतील ते दोन गेम आले नाहींत, आणि न्यूयॉर्कला ऐन वेळीं पोटानें दगा दिला. तेव्हां जें खरें नाहीं तें आम्ही तुम्हांस यापुढें सांगणार नाहीं. एवढेंच सांगूं कीं, जें काम तुम्ही निवडाल त्यांत आपण कदाचित् एकशें एकोणतिसावेच राहूं, हें मनांशीं धरूनहि तें करावेंसें वाटतें काय, हें स्वतःस विचारा. वाटत असेल तर मन लावून करा. आणि नायलंडप्रमाणें, मैदानावर उतरण्यापूर्वीं हातीं घेतलेलें शिक्षण पुरें करा. कमरेचा सांधा तिसाव्या वर्षीं निकामी होऊं शकतो. वाचलेलें आणि समजलेलें त्यानंतरहि उपयोगीं पडतें.

आणि पालकहो, क्रिकेटच्या शिबिरांची व शिकवणीवर्गांची फी भरतांना आपण मुलाच्या क्रमांकाची चौकशी करतां, ती अवश्य करा. आंकडा खोटें बोलत नाहीं. मात्र तो एवढेंच सांगतो कीं, पुढें किती जण उभे आहेत. ज्याच्याविषयीं विचारलें तो कसा आहे, हें त्याला सांगतां येत नाहीं; तें पाहूनच कळतें. त्या सुतारानें आम्हांस जें विचारलें, तें आपणहि आम्हांस बेधडक विचारीत जा.

यंदाच्या सहामाहीस आमच्या वर्गांत 52 मुलें होतीं. प्रगतिपुस्तकें लिहावयास आम्हांस तीन रात्रींऐवजीं अकरा रात्री लागल्या, आणि मुख्याध्यापकांची बोलणीं खावीं लागलीं तीं निराळींच. शेऱ्याची चौकट लहान असते, म्हणून अक्षर बारीक काढावें लागलें. सात मुलांच्या बाबतींत दोन ओळी लिहिण्याइतकेंहि आम्हांस सांगतां येईना. तीं सात पुस्तकें बाजूस ठेवून आम्ही दुसऱ्या दिवसापासून त्या सात जणांस नीट पाहूं लागलों, आणि मग तीं लिहिलीं.